दहावी सही

पावणेतीन वाजले होते, तीनला अर्ज घ्यायचं बंद होणार होतं आणि कासेगावकरांच्या अर्जावर एक सही कमी होती.

"वहिनी, तुमचं नाव आपल्याच मतदारसंघाच्या यादीत आहे ना?" शिरीष वकिलानं माझ्या काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारलं. घामानं निथळत होता बिचारा.

"मग काय विलायतेच्या यादीत असेल? सोळा वर्षं इथंच संसार करतेय मी."

"मग इथं एक सही करा. दहा सूचक लागतात आम्हाला. नऊ झालेत. दहावा सकाळी हो म्हणाला आणि आता दुकानाला कुलूप लावून बायकोच्या माहेरी गेलाय."

माझं दुकान धारखेडच्या तहसील कचेरीच्या फाटकासमोर. एक झेरॉक्सचं मशीन, एक टाईपरायटर आणि वर पाटी, 'पद्मजा झेरॉक्स'. निवडणुकीचे अर्ज भरायचे दिवस म्हणजे आमची दिवाळीच. सकाळपासून मी नुसती उभी होते, पाय मोडून आले होते.

शिरीषच्या मागं खुद्द कासेगावकर उभे होते. पाण्याच्या पंपांचे डीलर, कपाळाला मोठा नाम, आवाज असा की सभेत लाऊडस्पीकर लागू नये. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि शिरीषला म्हणाले, "बाईची सही? दुसरं कोणी मिळत नाही का?"

"दादा, बारा मिनिटं राहिलीत."

"अहो पण बाई म्हणजे..."

"मतदार आहे ती, दादा!"

भांडायला जीवच नव्हता अंगात. शिरीषनं मतदारयादीत माझं नाव शोधलं, भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि पूर्ण नाव, सौ. पद्मजा प्रल्हाद खटावकर, असं दहाव्या रकान्यात लिहिलं आणि कागद माझ्याकडं फिरवला. मी पेन घेतलं, सही केली. मागं सात-बारावाले रांगेत ओरडत होते. शिरीष कागद घेऊन फाटकाकडं पळाला आणि कासेगावकर धोतर सावरत त्याच्या मागं. आभार वगैरे काही नाही.

आता थोडं सांगायला हवं. आमच्या राज्यात तेव्हा लोकपक्षाची सत्ता होती, एकतीस वर्षांची. लोकपक्ष म्हणजे जुनी घराणी, देवस्थानांचे ट्रस्टी, मोठे बागायतदार. आहे ते आहे तसं राहू दे, हे त्यांचं धोरण. आमचे आमदार दौलतबापू इनामदार पाच वेळा निवडून आलेले. मग हा नवा पक्ष निघाला, राष्ट्रनीती दल. त्याचं म्हणणं, लोकपक्ष सत्तेला चिकटून मऊ पडला, देवळांत सरकारी माणसं बसवली, व्यापाऱ्यांवर कर लादले, बायकांना राखीव जागा देऊन घरं बिघडवली. म्हणजे दोघेही उजवेच. एक खुर्चीत बसलेला आणि दुसरा खुर्चीकडं बघत उभा राहिलेला, एवढाच काय तो फरक.

मागच्या खेपेला बापू बिनविरोध आले होते. विरोधी पक्षानं शेजारच्या मतदारसंघाच्या बदल्यात आमचा सोडून दिला होता. ह्याही वेळी तेच ठरलं होतं. दोन अपक्ष अर्ज होते, पण ते बापूंचेच, मागं घेण्यासाठी भरलेले. मधे अडचण फक्त राष्ट्रनीती दलाच्या कासेगावकरांची. बिनविरोध आले की बापू मंत्री होणार, अशी बोलवा होती.

साडेतीनला बापूंचे वकील, देशमाने, दुकानात आले. त्यांच्या हातात कासेगावकरांच्या अर्जाची प्रत होती. म्हणाले, "ह्याच्या तीन कॉप्या काढा." मी काढून दिल्या. रुपयाला एक, तीन रुपये घेतले. मशीनच्या उजेडात आपलीच सही तीनदा सरकताना दिसली, पण मला त्यात काही वावगं वाटलं नाही. ते मात्र निघताना दारात थांबले आणि म्हणाले, "तुम्ही प्रल्हादच्या मिसेस ना?"

"हो."

"छान," ते म्हणाले आणि गेले.

हे साडेपाचला घरी आले. एरवी सायकल लावायच्या आधी चहा मागायचे. आज मागितला नाही. खुर्चीत बसले आणि शर्टाच्या खिशातून घडी घातलेला स्टॅम्पपेपर काढून टेबलावर ठेवला.

"अगं, कसली सही केलीस तू कासेगावकराच्या अर्जावर?"

"सूचक म्हणून. एक कमी पडत होती."

"एक कमी पडत होती! आणि ती नेमकी प्रल्हाद खटावकराच्या बायकोनं भरून काढायची? मी खातो कोणाचं?"

हे बापूंच्या कॉलेजात क्लार्क. अकरा वर्षं टेंपररी. दर जूनमध्ये नवीन ऑर्डर आणि दर मेमध्ये छातीत धडधड. त्या वर्षी चार जणांना कायम करायचं चाललं होतं.

"ऑर्डर टाईप झालीय," हे म्हणाले. "बापूंच्या टेबलावर आहे. मी ह्या डोळ्यांनी बघितली, माझं नाव दुसरं आहे. देशमाने म्हणाले, उद्या अकराला छाननी आहे. तू तिथं यायचं, ह्या कागदावर साहेबांच्या समोर सही करायची, झालं. एक सूचक गेला की अर्ज बाद."

मी कागद उचलला. टायपिंग चांगलं होतं, माझ्याकडं केलेलं नव्हतं. 'मी, सौ. पद्मजा प्रल्हाद खटावकर, वय ३७, धंदा घरकाम...'

"घरकाम? आणि दिवसभर त्या मशीनपुढं उभी असते ती कोण?"

"अगं वाच पुढं!"

'...सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, सदर अर्जावर अनुक्रमांक दहासमोर असलेली "कुमुद" अशी सही माझी नाही. कुमुद नावाची कोणीही व्यक्ती माझ्या माहितीत नाही.'

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सवयीनं सही केली होती, माझी, नेहमीची. कॉलेजात असताना बसलेली. मी माहेरची कुमुद हिंगमिरे. लग्नात ताटातल्या तांदळात ह्यांनी अंगठीनं 'पद्मजा' लिहिलं आणि मी पद्मजा झाले. खरं सांगते, तेव्हा मला वाईटबिईट काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. कुमुद म्हणजे जुनाट, पद्मजा कसं सिनेमातल्यासारखं. रेशनकार्ड, मतदारयादी, दुकानाची पाटी, सगळीकडं पद्मजा. फक्त सही बदलायची राहून गेली. पोस्टातल्या बचतखात्यावर जुनी सही होती आणि बाकी कुठं मला कोणी सही मागतच नसे.

"पण सही माझीच आहे," मी म्हटलं.

"कोण म्हणतंय नाही? पण कागदावर काय आहे? तू पद्मजा. सही कुमुदची. ह्यात खोटं कुठं आलं? कुमुद नावाची कोणी बाई आहे का ह्या धारखेडात? सांग ना. हाक मारून बघ बाहेर जाऊन, कोणी ओ देतंय का."

ह्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. माणूस भेदरलेला होता. पण ते वाक्य माझ्या काळजात घुसलं. मी स्वयंपाकघरात गेले, चहा टाकला, साखर दोनदा घातली.

चहा घेऊन आले तर हे डोळे मिटून बसलेले. केस किती पांढरे झाले होते ते त्या दिवशी दिसलं मला. मुलगी क्लासला गेली होती, तिची फी त्या महिन्याची राहिली होती. मी म्हटलं, "बरं. करते."

ह्यांनी डोळे उघडले. "करशील?"

"करते म्हटलं ना. पण ह्यावर सही कोणती करायची?"

"पद्मजाची. कोणती म्हणजे काय?"

"मला ती येत नाही."

ह्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. उठले, कालचा पेपर आणला, त्याच्या मार्जिनमध्ये स्वतः लिहून दाखवलं, 'पद्मजा खटावकर'. खाली एक रेघ. "हे बघ, असं. गिरव."

आणि मी गिरवलं. सदतिसाव्या वर्षी, चहाचा कप बाजूला ठेवून, पहिलीतल्या पोरीसारखं. पहिल्या दहा-बारा अगदीच बावळट आल्या. द आणि म चिकटायचे. विसाव्या खेपेला जमलं. हे मागून वाकून बघत होते. "हां, ही चांगली आली," म्हणाले. ते ऐकून मला रडू फुटलं. हे म्हणाले, "अगं, आता काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात काहीतरी गेलं." आणि आणखी पाच केल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला मी निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनात होते. कुलथे नावाचे प्रांत होते, चष्मा कपाळावर चढवून बसायची सवय. एका बाजूला देशमाने, दुसऱ्या बाजूला शिरीष आणि कासेगावकर. बापू बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते, आत यायची त्यांना गरज वाटली नसावी. हे फाटकाशी उभे होते.

देशमान्यांनी आपलं म्हणणं मांडलं. दहावा सूचक बनावट आहे, यादीतलं नाव पद्मजा, सही कुमुदची, अशी कोणी व्यक्तीच नाही, संबंधित बाई स्वतः हजर आहेत, प्रतिज्ञापत्र देत आहेत. आणि तो कागद माझ्यापुढं सरकवला, वर पेन ठेवलं.

शिरीष पांढराफटक पडला. "वहिनी, तुम्ही माझ्यासमोर केलीय सही!"

मी त्याच्याकडं बघितलं नाही. पेन उचललं. पद्मजाचा प कसा काढायचा ते मनात घोळवत होते. तेवढ्यात कासेगावकर ताडकन उठले.

"मी आधीच सांगत होतो ह्या शिरीषला! बाईची सही घेऊ नको म्हणून! बाईमाणसाला पुढं केलं की असंच तोंड काळं होतं. कोण कुठली बाई, मला काय माहीत! मी ओळखत नाही हिला."

"दादा, गप्प बसा," शिरीष त्यांचा सदरा ओढत पुटपुटला.

"बघा साहेब," देशमाने हसून म्हणाले, "उमेदवारसुद्धा ओळखत नाहीत. म्हणजे दोन्ही पक्षांचं एकमत आहे. अशी बाईच नाही."

अशी आग झाली हो अंगाची! समोरासमोर बसलेले वैरी, एकतीस वर्षांचा पक्ष आणि परवा निघालेला पक्ष, कशावर एकमत व्हावं तर ह्यावर. आणि मी मधे पेन घेऊन बसलेली, खाली सही करायला.

"साहेब," मी म्हटलं, "सही माझी आहे. कुमुद मीच."

देशमाने वळले. "बाई, विचार करून बोला. तुमचे मिस्टर..."

"वकीलसाहेब," कुलथे म्हणाले, "त्यांना बोलू द्या." त्यांनी चष्मा नाकावर घेतला. "नावं दोन कशी?"

"लग्नात बदललं. सही बदलायची राहिली."

कुलथे थोडे हसले. "आमच्याही घरी तेच आहे. पण मला खात्री पटायला हवी. हा कोरा कागद घ्या. तीन वेळा सही करा."

आणि मग मी घाबरले. खरंच घाबरले. काल संध्याकाळी पंचवीस-तीस वेळा पद्मजा गिरवलेली. हाताला तेच वळण लागलं असेल तर? पेन कागदावर टेकलं आणि एक क्षण काहीच येईना. देशमाने पुढं झुकले. मी डोळे मिटले. हात आपोआप फिरला. उघडून बघितलं तर क-ला तीच लांब शेपटी, द-ला तोच आकडा. मग उरलेल्या दोन मी डोळे उघडे ठेवून केल्या, सावकाश, मजेत.

कुलथ्यांनी कागद अर्जाशेजारी धरला. मतदार ओळखपत्र मागितलं, फोटो आणि तोंड ताडून बघितलं. "सही ह्यांचीच आहे आणि मतदारही ह्याच आहेत. हरकत फेटाळली. अर्ज वैध." शिक्का मारला. कासेगावकर माझ्याकडं न बघता बाहेर गेले.

व्हरांड्यात बापूंनी मला हाक मारली. बापू कधी आवाज चढवत नसत.

"प्रल्हादची ना तू? जेवून निघालाय का तो घरून?"

"हो, बापू."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

फाटकाशी हे नव्हते. सायकल घेऊन निघून गेले होते.

चौथ्या दिवशी तिघांना कायम केल्याच्या ऑर्डरी निघाल्या. ह्यांना हॉस्टेलच्या गोदामात ताटं-वाट्यांच्या नोंदी करायला बसवलं. घरात आमचं बोलणं बंद झालं. म्हणजे ह्यांचं. मी बोलायची, हे मुलीला सांगायचे, "आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे." मीठ कमी नसायचं. एकदा मी म्हटलं, "चुकलं माझं." हे पान वाढून घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. मला चुकल्यासारखं वाटत होतं आणि नव्हतंही. रात्रंदिवस तेच.

प्रचार जोरात झाला. अर्ज वैध ठरल्यावर इलाजच नव्हता, बापूंना दहा वर्षांनी रस्त्यावर उतरावं लागलं. उन्हात घामाघूम होऊन गल्ल्या पालथ्या घातल्या त्यांनी. आमच्या गल्लीत गटाराचा प्रश्न लोकांनी तोंडावर विचारला, तर वहीत लिहून घेतला. आमच्या दारावरून मात्र पुढं गेले. कासेगावकर चौकात सभा घ्यायचे, "आयाबहिणींनी चूल सांभाळावी, देश आम्ही सांभाळतो." माझ्या दुकानात ऐकू यायचं सगळं.

मतदान आमच्या प्राथमिक शाळेत होतं. बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, दोन्ही एकाच खोलीत शिरणाऱ्या. हे माझ्या आधीच घरून निघाले होते, तरी दाराशी पोचलो ते एकाच वेळी. एकमेकांकडं न बघता आत गेलो.

आत बापूंचे प्रतिनिधी म्हणून सर्जेराव बसले होते, ह्यांच्याच कॉलेजातले खेळाचे मास्तर. कर्मचाऱ्यानं मोठ्यानं वाचलं, "पद्मजा प्रल्हाद खटावकर." रजिस्टर पुढं केलं. मी सही केली. कुमुद.

"आक्षेप," सर्जेराव म्हणाले. खिशातून दोन रुपयांचं नाणं काढून टेबलावर ठेवलं. आक्षेपाची तेवढीच फी असते. "नाव पद्मजा आणि सही दुसऱ्याच बाईची. ओळख पटवा."

मी पिशवीत ओळखपत्र शोधायला लागले. ते सापडेना. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. मतदान केंद्राध्यक्ष म्हणाले, "बाई, तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का इथं?"

"मी ओळखतो."

पुरुषांच्या रांगेतून हे पुढं आले होते.

"माझी बायको आहे ती. कुमुद. लग्नाच्या आधीपासूनची सही आहे तिची. लेखी पाहिजे असेल तर कागद द्या, खाली मी सही करतो."

सर्जेराव हलक्या आवाजात म्हणाले, "खटावकर, बापूंना कळणार हे. विचार करा."

"झाला करून," हे म्हणाले. "नाणं उचला ते."

एकोणीस दिवसांनी ह्यांचा आवाज मी माझ्यासाठी ऐकला. डोळे भरून आले, लपवायला जागाही नव्हती. माझ्या बोटाला शाई लागली ती नीट दिसेना. मी पुठ्ठ्याच्या आड गेले, बटण दाबलं, बाहेर आले आणि शाळेच्या फाटकाशी ह्यांची वाट बघत उभी राहिले.

हे आले. थोडं चाललो. मग ह्यांनी विचारलं, "कासेगावकरालाच दिलंस ना?"

"छे! त्या माणसाला कोण देतंय? बापूंना दिलं."

हे रस्त्यातच थांबले. लग्न झाल्यावर पहिल्या विधानसभेला माझं नाव यादीत चढलं नव्हतं, दुसऱ्या वेळी मी बाळंतपणाला माहेरी, तिसऱ्या वेळी बापू बिनविरोध, म्हणजे मतदानच नाही. हे सगळं ह्यांना माहीत होतं, पण आठवलं नसावं.

"बापूंना?" हे जवळजवळ ओरडलेच. "माझी नोकरी गेली गोदामात, गावभर शोभा झाली! बापूंनाच द्यायचं होतं तर मग एवढं सगळं केलंस कशासाठी?"

"मत द्यायला," मी म्हटलं, आणि पुढं चालायला लागले.